पदवी सोडून आयटीआयला: एका समजाचे खंडन

बी.एस्सी.चे पहिले वर्ष झाल्यावर मुलगा तंत्रनिकेतनात जायचे म्हणतो, किंवा बी.ए. सोडून मुलगी आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडसाठी अर्ज भरते, तेव्हा घरात जे बोलले जाते ते नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत सारखेच असते. 'निदान ग्रॅज्युएट तरी हो.' 'एवढी फी भरली, वर्ष घातले, त्याचे काय?' 'दहावीला कमी गुण पडलेली मुले जिथे जातात, तिथे तू बारावी सायन्स होऊन जाणार?' मामा बोलतात, आत्या बोलतात, महाविद्यालयातले प्राध्यापकही बोलतात. बोलणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. म्हणूनच या समजाला नुसते झटकून टाकता येत नाही, त्याचे नीट उत्तर द्यावे लागते.

समज असा: शिक्षणाची एक उतरंड आहे. वर विद्यापीठ, खाली तंत्रनिकेतन, त्याच्याही खाली आयटीआय. खालून वर जाणारा प्रगती करतो आणि वरून खाली येणारा घसरतो. पदवी अर्धी टाकून तांत्रिक संस्थेत जाणे म्हणजे घसरणे. हा समज इतिहासाला धरून नाही, हिशेबाला धरून नाही आणि ज्ञान म्हणजे काय या विचारालाही धरून नाही, असे मला ठामपणे म्हणायचे आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. पहिला मुद्दा, पदवी ही अनेक ठिकाणी पात्रतेची अट आहे. राज्यसेवा परीक्षेला बसायचे तर पदवी लागते, बँकेत अधिकारी व्हायचे तर लागते. दुसरा मुद्दा, गेलेली वर्षे परत येत नाहीत. तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे: तांत्रिक शिक्षण एका कामापुरते असते, यंत्र बदलले की कसब शिळे होते, तर विद्यापीठ विचार करायला शिकवते आणि तो विचार जन्मभर पुरतो. चौथा मुद्दा सर्वांत जड आहे. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या हातकामाला जुंपले गेले, त्यांची मुले आता कुठे विद्यापीठात पोहोचली आहेत. त्यांना 'आयटीआय बरी' असे सांगणे म्हणजे त्यांना पुन्हा जुन्या जागी नेऊन बसवणे. या चारही मुद्द्यांत काही ना काही सत्य आहे. त्या सत्यातून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

उतरंडीच्या कल्पनेपासूनच सुरुवात करू. विद्यापीठ हे आपल्याकडे मूळचे आणि तांत्रिक शिक्षण ही मागाहून जोडलेली सोय, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. रुरकीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८४७ सालचे. पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग आणि यांत्रिकी शाळा १८५४ साली सुरू झाली, रस्ते, पूल, कालवे बांधणाऱ्या खात्याला हाताखालची प्रशिक्षित माणसे मिळावीत म्हणून. त्याच शाळेचे पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली ती १८५७ साली. तीही लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी मंडळे म्हणून. शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे होते. त्याआधीच, १८४४ साली, गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचा ठराव केला होता. म्हणजे जिला आपण 'ज्ञानासाठी ज्ञान' समजतो ती पदवी सुरुवातीपासून नोकरीशी बांधलेली होती. पुण्याची ती शाळाही नोकरीसाठीच होती. फरक एवढाच की एकीची नोकरी कचेरीतली होती, दुसरीची बांधकामावरची. कचेरीला जो मान मिळाला तो तिथे चालणाऱ्या अधिकारामुळे मिळाला. तिथले ज्ञान अधिक खोल होते, असे सिद्ध करणारा पुरावा या इतिहासात कुठेच नाही.

याच काळातला एक विद्यार्थी घ्या. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८१ साली बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाले. पदवी हातात होती, कचेरीची वाट मोकळी होती. तरी ते म्हैसूर सरकारच्या मदतीने पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ मध्ये एल.सी.ई. (लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग) ही परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. ही बी.ए.सारखी सामान्य पदवी नव्हती, स्थापत्यकामाची तांत्रिक परीक्षा होती. म्हणजे उतरंडीच्या हिशेबाने बी.ए. माणूस खाली आला. पुढे नीरा कालव्यावरची ब्लॉक पद्धत आणि खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे त्याच माणसाने दिले. त्यांच्या या निर्णयाला आज कोणी घसरण म्हणत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण आपल्या विषयाच्या आणखी जवळचे आहे, कारण त्यांनी खरोखरच एक शिक्षण अर्धे सोडले. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. काही रंग डोळ्यांना नीट वेगळे दिसत नाहीत, हे तिथे उघड झाले. ते तिथून बाहेर पडले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, यांत्रिक रेखनाकडे वळले. पुढे तिथेच शिक्षक झाले. बेळगावचे सायकलचे दुकान, लोखंडी नांगर, १९१० साली औंध संस्थानात उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, हे सगळे त्या वळणानंतरचे. रंग हातून गेले, तरी रेघ ओढायला शिकलेला हात त्यांच्याबरोबरच होता.

यावर आक्षेप येईल की ही असामान्य माणसे. त्यांच्यावरून सामान्य विद्यार्थ्याचे काय ठरते? आक्षेप रास्त आहे. पदवी सोडणारा प्रत्येकजण किर्लोस्कर होणार नाही, तसा पदवी घेणारा प्रत्येकजण न्यायमूर्ती रानडे होत नाही. या उदाहरणांवरून मला यशाची हमी द्यायची नाही. एक शिक्षण सोडून दुसरीकडे वळणे ही मानहानी मानण्याची सवय नंतरची आहे, एवढेच त्यांतून दिसते.

आता वर्षांचा हिशेब. 'वर्षे वाया गेली' हे वाक्य फार सहज उच्चारले जाते, पण बोटे मोजून पाहिले जात नाही. महाराष्ट्रात ठरलेल्या विषयांसह विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. समजा, मुलगा अठराव्या वर्षी बारावी झाला, एक वर्ष बी.एस्सी.त काढले आणि मग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेला. तो एकविसाव्या वर्षी डिप्लोमा घेऊन बाहेर पडतो. बी.एस्सी.त मागे राहिलेले त्याचे मित्र तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडतात तेही एकविसाव्या वर्षीच. आयटीआयच्या दोन वर्षांच्या ट्रेडचा, म्हणजे फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांचा हिशेबही तोच येतो. वेल्डरसारखा एक वर्षाचा ट्रेड घेतला तर तो मित्रांच्या आधी बाहेर पडतो. कला किंवा वाणिज्य शाखेतून येऊन डिप्लोमा पहिल्या वर्षापासून करायचा झाला, तर एक वर्ष जास्त लागते. तेवढे मान्य. एका वर्षाच्या भीतीने माणसाने नको असलेल्या विषयात आणखी दोन वर्षे काढावीत, हा सल्ला मात्र हिशेबाचा नाही. गेलेले वर्ष राहिल्यानेही परत मिळत नाही आणि गेल्यानेही मिळत नाही. विचार पुढच्या वर्षांचा करायचा असतो.

मागचे वर्षही पूर्वीसारखे पुसले जात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मधूनच बाहेर पडण्याची आणि पुन्हा येण्याची सोय तत्त्वतः मान्य केली. मिळवलेले श्रेयांक जमा ठेवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये सुरू झाली, आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने व्यावसायिक शिक्षणालाही त्याच मापात आणले. अंमलबजावणीत उणिवा आहेत. तरी धोरणाने जी गोष्ट मान्य केली आहे, ती घराघरांतून अजून नाकारली जाते, हे लक्षात घ्यावे.

पदवीच्या पात्रतेचा मुद्दा आता पाहू. पदवीशिवाय काही दारे बंद राहतात, हे खरे. पण दारे दोन्ही बाजूंना आहेत. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या किंवा जिल्हा परिषदेतल्या कनिष्ठ अभियंत्याच्या पदासाठी स्थापत्यातला डिप्लोमा चालतो, बी.ए. चालत नाही. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड लागतो. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत दहावीबरोबर आयटीआय किंवा डिप्लोमा मागतात. नुसत्या सामान्य पदवीला ही दारे उघडत नाहीत, आणि याबद्दल घरात कोणी काळजी करत नाही. शिवाय पदवी सोडली म्हणजे ती कायमची गेली, असेही नाही. डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करता करता शिकणाऱ्यांना पदवी देत आहे आणि ती पदवी स्पर्धा परीक्षेला चालते. ज्याला राज्यसेवेचीच ओढ आहे, त्याला हातात ट्रेड असताना ती पदवी घेता येते. उलट, नुसती सामान्य पदवी असलेला पंचविसाव्या वर्षी परीक्षेच्या चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला बसतो तेव्हा त्याच्या हातात दुसरे काहीच नसते. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये अशी हजारो मुले आहेत. त्यांचे कष्ट खरे आहेत. म्हणूनच त्यांना एवढाच एक मार्ग दाखवणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

'तांत्रिक ज्ञान अरुंद असते' या आक्षेपाला खोलात जाऊन उत्तर दिले पाहिजे, कारण तो ज्ञानाच्या स्वरूपाविषयी आहे. फिटरच्या ट्रेडमध्ये सुरुवातीला मुलाच्या हातात लोखंडाचा तुकडा आणि कानस देतात. तो पृष्ठभाग सपाट करायचा, कडा काटकोनात आणायच्या. गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की जॉब चुकला. मग व्हर्निअर येतो, त्यावर ०.०२ मिलिमीटर वाचता येते. मग मायक्रोमीटर, त्यावर ०.०१. या कामात सबब चालत नाही आणि भाषेच्या सजावटीने भोक मोठे होत नाही. आपण केलेले खरे की खोटे, हे वस्तूच सांगते आणि ते ऐकून घ्यावे लागते. ज्याला विद्यापीठीय भाषेत वस्तुनिष्ठता म्हणतात, तिचा इतका रोखठोक सराव फार थोड्या वर्गांत मिळतो.

यंत्र बदलले की हे शिळे होते का? लेथवरच्या टर्नरला कटिंग स्पीडचे सूत्र शिकवतात: व्यास गुणिले फेरे गुणिले पाय (π), भागिले हजार. व्यास वाढला की तेवढ्याच फेऱ्यांत कडेचा वेग वाढतो, हत्यार तापते, त्याची धार जाते. म्हणून फेरे कमी करायचे. सीएनसी यंत्रावर जी-९६ ही आज्ञा दिली की यंत्र स्वतःच फेरे बदलून वेग कायम राखते. ज्याने नुसते बटण पाठ केले त्याला यंत्र बदलल्यावर नवे बटण शिकावे लागते. ज्याला सूत्र कळले त्याला ती आज्ञा का आहे हेही कळते आणि ती कुठे चुकेल हेही. म्हणजे शिळे होते ते पाठांतर, समज शिळी होत नाही. हे तत्त्व बी.ए.लाही लागू आहे. गाइडमधून उत्तरे पाठ करून मिळवलेल्या पदवीत कोणता व्यापक विचार असतो? व्यापकता विषयाच्या नावात नसते, शिकण्याच्या रीतीत असते. तांत्रिक संस्थांत इतिहास, समाज, साहित्य यांना जागा कमी आहे, ही त्रुटी मी मान्य करतो आणि ती भरून काढली पाहिजे असे म्हणतो. फिटरने वाचावे, त्याला वाचनालय असावे, त्याच्या अभ्यासक्रमात कामगार चळवळीचा इतिहास असावा. परंतु त्रुटी दूर करणे वेगळे आणि संस्थेला खालची ठरवणे वेगळे.

जर्मनीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. तिथे तीन-साडेतीन वर्षांच्या प्रशिक्षणात मुलगा आठवड्यातले बहुतेक दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत असतो. त्यावर अनुभव घेऊन, परीक्षा देऊन तो 'माइस्टर' होतो, आणि जर्मनीच्या पात्रता आराखड्यात माइस्टर आणि बॅचलर पदवी या दोन्ही सहाव्याच पातळीवर ठेवलेल्या आहेत. विद्यापीठ सोडून आलेल्याला तिथले उद्योग मंडळ सल्ला देते, आधीच्या शिक्षणाचा विचार करून प्रशिक्षणाचा काळ कमीही करता येतो. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिथल्या समाजाला आपल्या वायरमनची आणि प्लंबरची गरज आहे. आपल्या समाजाला त्यांच्याविषयी आदर वाटावा, यासाठी करार पुरणार नाही.

आता चौथा मुद्दा, जातीचा. हातकामाचा तुच्छभाव आपल्याकडे वर्गातून आला त्याआधी जातीतून आला. गोरा कुंभार, नरहरी सोनार, सावता माळी यांना आपण संत मानले आणि कुंभाराच्या, माळ्याच्या कामाची सामाजिक जागा मात्र तीच ठेवली. त्यामुळे बहुजन आणि दलित घरांत विद्यापीठाविषयी जी आस्था आहे, तिच्यामागे मोठा लढा आहे. तिला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण या लढ्याच्या सर्वांत मोठ्या नेत्याने तांत्रिक शिक्षणाकडे कसे पाहिले? १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाला देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या. त्याच निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वे यांत या समाजातल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी केली. दोन्ही मागण्या एकाच कागदावर आहेत. बाबासाहेबांनी विद्यापीठ आणि वर्कशॉप यांत उतरंड लावली नाही. दोन्ही दारे एकदम ठोठावली.

जातीने लादलेले काम आणि निवडलेले तंत्रशिक्षण यांत मूलभूत फरक आहे. जातीच्या कामात जन्म हीच पात्रता होती, मोबदला गावाच्या मर्जीवर होता आणि बाहेर पडायला वाट नव्हती. तंत्रशिक्षणात प्रवेश अर्जाने होतो, आयटीआयची परीक्षा देशपातळीवर होते, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन बंधनकारक केले आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे पुढच्या शिक्षणाची वाट खुली आहे. लोहाराच्या मुलाला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता आले पाहिजे आणि प्राध्यापकाच्या मुलीला वेल्डर होता आले पाहिजे. पहिली गोष्ट आपण तोंडाने तरी मान्य करतो. दुसरीला आजही घरात रडारड होते, आणि जोवर ती होते तोवर हातकामाची जुनी पायरी शाबूत आहे. तांत्रिक संस्थेला 'त्यांच्यासाठीची' म्हणून सोडून देणारा समज दलित-बहुजनांचे रक्षण करत नाही, जुनी विभागणीच जपतो.

रोजगाराच्या आकड्यांबद्दल थोडे सावधपणे बोलायला हवे. २०१७-१८ पासून होणाऱ्या सरकारी श्रमबल पाहणीत शिकलेल्यांमधला, विशेषतः पदवीधरांमधला, बेकारीचा दर कमी शिकलेल्यांपेक्षा सातत्याने जास्त दिसतो. एवढ्यावरून पदवी निरुपयोगी ठरत नाही. गरीब माणसाला बेकार राहणे परवडत नाही, मिळेल ते काम तो करतो, म्हणून त्याचा दर कमी दिसतो. डिप्लोमा आणि आयटीआय झालेल्यांतही बेकारी आहे. कोणतेच प्रमाणपत्र नोकरीची हमी देत नाही, आणि तांत्रिक संस्थेच्या बाजूने बोलणाऱ्याने तशी हमी देऊ नये.

म्हणून मंडन अटींसह करतो. ज्याला गणितात किंवा इतिहासात खरी गोडी आहे, त्याने नोकरीच्या भीतीने विद्यापीठ सोडू नये. ज्याला फक्त एका पेपरात नापास झाल्याचा राग आहे, त्याने थोडे थांबावे. पण ज्याला वर्गात बसून वर्ष गेले तरी विषयाशी नाते जुळले नाही, आणि ज्याचे हात घरातली मोटर उघडायला, गाडीचे इंजिन समजून घ्यायला शिवशिवतात, त्याने खुशाल सोडावे. सोडताना संस्था पारखून घ्यावी. तंत्रनिकेतनाला तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता आहे का, आयटीआयच्या त्या ठरावीक ट्रेडला आणि तुकडीला केंद्रीय मान्यता आहे का, हे कागदावर पाहावे. मग कामाच्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहावे. लेथ चालू आहेत की कापडाखाली झाकलेले आहेत? एका यंत्रामागे किती मुले? जॉबसाठी लोखंड मिळते की नुसते पाहून वहीत आकृती काढायची? गेल्या वर्षीची मुले शिकाऊ उमेदवारीला कोणत्या कारखान्यात गेली? राज्यात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत आणि खासगी त्याहून जास्त. त्यांत उत्तम आहेत आणि अगदी नावापुरत्याही आहेत. निवड वाईट संस्थेची झाली तर दोष तांत्रिक शिक्षणाचा नाही, पण नुकसान मात्र मुलाचेच होते.

जबाबदारी फक्त विद्यार्थ्याची नाही. सोडून जाणारा विद्यार्थी आज महाविद्यालयाच्या नोंदीत गळती म्हणून दिसतो. महाविद्यालयाने त्याला बोलावून त्याचे श्रेयांक जमा झाल्याची खात्री करावी, जवळच्या तंत्रनिकेतनाची आणि आयटीआयची माहिती द्यावी, प्रवेशाच्या तारखा सांगाव्यात. आयटीआयनेही बी.ए. अर्धे सोडून आलेल्या वीस वर्षांच्या मुलीकडे संशयाने पाहू नये. तिची वाचनाची सवय तिथल्या वर्गाची ताकद आहे. आणि पालकांनी 'लोक काय म्हणतील' याऐवजी 'तिथे तुला रोज काय शिकायला मिळेल' हे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर मुलाकडे असेल, तर तो शिक्षण सोडत नाही, ते स्वतःच्या हातात घेतो, आणि त्याला घराचा पाठिंबा मिळायला हवा.